आठ घरांचा मसाला

मला ग्रुपमधून काढून टाकलंय हे मला लालबागच्या मसाला गल्लीत कळलं. समोर मोठ्या कढईत मिरच्या भाजल्या जात होत्या, आई तोंडाला पदर लावून मसाला कुटून देणाऱ्या डंखवाल्याशी खसखशीवरून हुज्जत घालत होती, आणि मी फोन काढून विचारायला गेले, की मसाला प्रत्येकाचा वेगळा बांधून आणू की तिकडे आल्यावर वाटून घेऊ. लिहायला जागाच नव्हती. जिथे बोट टेकवून लिहायचं तिथे एक राखाडी ओळ होती, की तुम्ही आता या ग्रुपमध्ये नाही, म्हणून इथे लिहू शकत नाही. मी फोन झटकला. इकडे आलं की माझा फोन तसाही वेडेपणा करतो. मग वर सरकवून पाहिलं. हितेंद्रने मला काढलं होतं, आदल्या दिवशी. आणि त्याच्या अगदी वरचा निरोप त्याच्या बायकोचा, मायाचा होता, मलाच लिहिलेला: अपेक्षा, आमच्यात धणे जरा जास्त घालायला सांगा हं. म्हणजे बाईने धणे सांगितले आणि नवऱ्याने दार लावलं. मला आधी हसू आलं. मग कढईतला धूर घशात गेला आणि खोकल्याची उबळ आली, आणि त्या उबळीत डोळ्यांतून पाणी आलं ते नेमकं कशाचं हे शोधायच्या भानगडीत मी पडले नाही. मसाला गल्लीत सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं. रडायला एवढी सोयीची जागा सगळ्या मुंबईत दुसरी नाही.

डब्लिनमध्ये आमच्या मराठी ग्रुपातलं कुणी मे महिन्यात घरी निघालं की उरलेल्यांचा मसाला त्याने आणायचा, ही तिथली रीतच आहे. कुणी आडवं येत नाही, कुणी संकोचत नाही. तुम्ही तर लालबागच्या बाजूच्याच ना, मग काय, असं म्हणत यंदा आठ घरांचा मसाला माझ्या गळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. परदेशात आपल्यावर कुणी काहीतरी टाकतं, आपल्याला गृहीत धरतं, यातसुद्धा एक ऊब असते. मी तिथे गेले तेव्हा माझं कुणी नव्हतं. परळच्या इस्पितळात नर्स म्हणून वाढलेली मुलगी, चाळीच्या गॅलरीत आठ बिऱ्हाडांच्या भांडणांत झोपायची सवय असलेली, एकदम अशा खोलीत येऊन पडली की जिथे फ्रिजचा आवाज हीच काय ती सोबत. तेव्हा हा हितेंद्र, दादरचा, माझी ना ओळख ना पाळख, मला विमानतळावर घ्यायला आला होता. मायाचा जाड कोट त्याने सोबत आणला होता. तो कोट मी दोन हिवाळे घातला. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही, आणि म्हणूनच त्या राखाडी ओळीकडे बघताना माझा जास्त संताप झाला. वाईट माणसाने काढलं असतं तर शिवी देऊन मोकळी झाले असते. हा माणूस चांगला होता. त्याच्या चांगुलपणाला एक कुंपण होतं आणि मी दोन वर्षं त्या कुंपणाच्या आत चरत होते, एवढंच.

मसाला कुटून होईपर्यंत डंखासमोरून हलायचं नाही, हा आईचा नियम. नजर फिरली की आपल्या धण्यांत दुसऱ्याचे धणे जातात, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आम्ही मायलेकी तिथे उभ्या, लोखंडी मुसळं खाली-वर आपटतायत, पायाखालची फरशी हादरतेय, आणि मला तो डोंगर दिसतोय. एप्रिलमधला रविवार. डब्लिनपासून गाडीने तासाभरावरचा डोंगर, ओल्या काळ्या मातीचा, ज्यात बूट रुतला की पचकन आवाज करून वर येतो. रुतू नये म्हणून वाटेवर लाकडी ओंडके टाकलेले, आणि दोन्ही बाजूंना मेंढ्या, पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके मारलेल्या, आमच्याकडे बघून चरणं न थांबवणाऱ्या. हितेंद्र सगळ्यांत पुढे, झळझळीत जाकीट, गळ्यात शिट्टी. वळण आलं की शिट्टी, कुणी मागे पडलं की शिट्टी. मराठी माणूस कुठल्याही देशात डोंगर चढला की त्याला किल्ला आठवतो. वर ना बुरूज ना दरवाजा, नुसता दगडांचा एक ढीग, पण आमचे लोक त्याला बालेकिल्लाच म्हणत होते. वैभव घसरला तेव्हा कुणीतरी ‘पडला रे मावळा’ म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. श्रेया माझ्या पुढे चालत होती. ती गिरगावची, माझ्याच वॉर्डात काम करणारी, माझी तिथली एकमेव मैत्रीण म्हणावी अशी. तिच्या पाठीवरच्या पिशवीला लटकवलेला स्टीलचा पेला दगडावर आपटून किणकिणत होता आणि त्या आवाजामागे मी दम खात चालले होते. पाय भरून आले होते, गाल वाऱ्याने बधिर झाले होते, आणि मी सुखी होते. हे लिहायला हवं. मी त्या दिवशी अर्धा डोंगर फार सुखात चढले.

वर पोचल्यावर हितेंद्रने शिट्टी मारून सगळ्यांना गोल उभं केलं. काही जण नवे होते, म्हणून ओळख. त्याची एक ठरलेली रीत होती, पण डोंगरावर मी पहिल्यांदाच आले होते, म्हणून माझ्या वाट्याला तोवर आली नव्हती. नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि कुलदैवत सांगायचं, की बाकीच्यांनी दैवताच्या नावाने चांगभलं म्हणून ओरडायचं. हितेंद्रने स्वतःपासून सुरुवात केली, जेजुरीचा खंडोबा, आणि आयर्लंडच्या मेंढ्यांनी येळकोट ऐकला. वैभवचा रवळनाथ. श्रेयाचा व्याडेश्वर. गोल फिरत फिरत ते माझ्याकडे येऊ लागलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्याने आजवर कुणाला काही कळू दिलं नव्हतं. परळ म्हटलं की लोक म्हणायचे, म्हणजे गिरणीवाले, आणि मी हो म्हणायचे. कुठल्या खात्यात होते आजोबा, असं कुणी विचारलं नाही, कारण ते विचारणारी पिढी गेली. ज्या विणकाम खात्यात सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं तिथे आमच्या माणसांना उभं करत नसत, आमच्या तोंडाचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागू नये म्हणून. आजोबा जन्मभर सूतकताईत राहिले. हे सगळं आता कुणाला माहीत नाही, हे एका परीने बरंच. पण गोलात उभी असताना माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे उत्तर तयार होतं. मला ते शोधावंही लागलं नाही. सगळेच देव आपले, असं म्हणायचं, हसायचं, आणि पेल्यातला चहा पुढे करायचा. ते उत्तर इतकं तयार होतं, इतकं गुळगुळीत, की कितीतरी वेळा वापरल्याशिवाय असं होत नाही. मला त्या लोकांचा राग आला नाही. त्या उत्तराचा आला.

आणि मला आजी आठवली. चंपा तिचं नाव, अंगाने काडी, जिभेने कोयता. धर्मांतर झालं त्या वर्षी चाळीतले लोक घरातले देव टोपलीत घालून दादरच्या चौपाटीवर सोडायला निघाले, तेव्हा आजोबाही निघाले. आजीने टोपली अडवली. म्हणाली, पितळ चांगलं आहे, समुद्राला काय करायचंय. तिने ते सगळे देव कासाराकडे मोडीत घातले, आणि बदल्यात एक तांब्या घेऊन आली, चांगला जाडजूड, तोंडाशी नक्षी असलेला. गिरणीत आमच्या लोकांचं पाण्याचं मडकं वेगळं असायचं. घरात मात्र आल्यागेल्या प्रत्येकाला, चाळीतल्या कुठल्याही जातीच्या माणसाला, आजी त्याच तांब्यातून पाणी द्यायची आणि पिऊन झालं की सांगायची, काय प्यायलास ठाऊक आहे का. काही जण हसायचे, एक-दोघे परत आले नाहीत. त्या परत न आलेल्यांची नावं आजी फार प्रेमाने घ्यायची.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “माझं नाव अपेक्षा. परळची. मूळ गाव दापोलीच्या अलीकडे. आमच्यात कुलदैवत नाही. होतं. आजीने देव मोडीत घातले आणि त्यांचा तांब्या आणला. आम्ही बौद्ध आहोत.” आवाज मोठा ठेवावा लागला, कारण वारा होता. एका नव्या मुलाच्या तोंडून सवयीने ‘चांग’ निघालं आणि ‘भलं’ घशातच राहिलं. श्रेया बुटाची नाडी बांधायला खाली वाकली आणि ती नाडी बांधलेलीच होती. मग वैभव म्हणाला की आपण इथे धर्म वगैरे आणायला नको, आपण निसर्गात आलोय. खंडोबा, रवळनाथ, व्याडेश्वर हे बहुधा निसर्गात मोडत असावेत. हितेंद्रने शिट्टी मारली. डबे उघडा म्हणाला.

लोकांना वाटेल की त्यांनी माझ्या डब्याला हात लावला नाही. तसं झालं असतं तर सोपं झालं असतं. उलट सगळे माझ्याच डब्यावर तुटून पडले. मी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी नेली होती. जी माया एरवी सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडायची, तिने दोनदा घेतली, आणि दुसऱ्यांदा घेताना माझ्याकडे बघून म्हणाली, “आम्ही तसलं काही मानत नाही हं.” मी म्हटलं, कसलं? ती तोंडातला घास चावत राहिली. उतरताना आणखी एक गोष्ट झाली, इतकी बारीक की सांगितली तर माणूस म्हणेल तुझ्या मनाचे खेळ. सकाळी मी अपू होते. अगं अपू, सांभाळ, अगं अपू, फोटो काढ. उतरताना मी अपेक्षाताई झाले. तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला काठी देऊ का, तुमचं फार छान मत होतं. माझ्याहून वयाने मोठी माणसं मला अहोजाहो करू लागली. अपमान करणं त्यांना जमलं नाही म्हणून त्यांनी मान दिला, आणि मान देऊन हातभर लांब उभं केलं. सबंध उतार मी त्या मानाच्या ओझ्याने वाकून उतरले. आणि तरीही, गंमत बघा, आठवड्याने मी घरी निघतेय म्हटल्यावर मसाल्याच्या फर्माइशी आल्याच, त्याही अहोजाहोत.

“काय बघतेस त्या फोनात?” आई म्हणाली. डंखातली मिरची आता फुटून लाल भुगा झाली होती आणि नुसत्या श्वासानेही झोंबत होती. मी काही नाही म्हणणार होते. आईला डोंगराचं काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटत होतं ती म्हणेल, कशाला बोललीस, परक्या मुलखात एकटी आहेस, ताप आला तर तोंडात पाणी घालायला कोण येणार? ही भीती आईच्या तोंडी मी घालतेय खरी, पण ती माझीच होती. मला तिकडे एकटेपणाची मरणाची भीती वाटते. हिवाळ्यात संध्याकाळी चारला अंधार होतो, पाऊस आडवा येतो, आणि माणसाला आपल्या भाषेतून निदान एक शिवी तरी ऐकायची असते. ती आठ घरं हीच माझी चाळ होती. ती गेली तर परत तो फ्रिजचा आवाज. तरी मी आईला सांगितलं, मुसळांच्या आवाजातून, तिच्या कानाशी लागून, सगळं. आईने वॉर्डात आया म्हणून आयुष्य काढलं. तिला कुणी कधी कुलदैवत विचारलं नाही, तिथे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. ऐकून झाल्यावर तिने पदर तोंडावरून काढला.

“तू आपणहून बोललीस, की त्यांनी विचारलं?”

“विचारलं.”

“मग बरोबर,” ती म्हणाली आणि परत पदर लावून डंखाकडे बघू लागली. एवढंच. मी तिच्याकडून काय काय ऐकायची तयारी केली होती आणि तिने दोन शब्दांत निकाल लावला. थोड्या वेळाने मात्र तिने विचारलं, की मग आता हा एवढा मसाला कुणाचा. आठ घरांच्या मिरच्या, आठ घरांचे धणे, सगळं एकाच ढिगात लाल होऊन पडलं होतं आणि डंखवाला चाळणी घेऊन उभा होता.

तेवढ्यात श्रेयाचा फोन आला. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन, आईचा नियम मोडून, घेतला. श्रेया फार गोड बोलत होती, म्हणजे तिला काहीतरी अवघड सांगायचं होतं. ग्रुपमध्ये वातावरण बिघडलं होतं म्हणे. काही जणांना वाटलं की मी मुद्दाम सगळ्यांचा मूड घालवला. हितेंद्रच्या मनात काही नाही, त्याला फक्त शांतता हवीय, तो मला परत घेईल, मी एक ओळ टाकायची, की कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर सॉरी. ती ओळ तिने लिहूनसुद्धा ठेवली होती, वाचून दाखवू का म्हणाली. मी म्हटलं नको. मग ती नेहमीच्या, वॉर्डातल्या आवाजात आली.

“अगं अपू, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुला आधीपासून ओळखते ना, मला माहीत होतं, मी कधी काही बोलले का?”

हे ऐकून मला वर त्या डोंगरावर बसला नव्हता तो धक्का बसला. तिला माहीत होतं. दोन वर्षं माझ्या ताटात जेवताना, माझ्या खोलीत झोपताना तिला माहीत होतं, आणि तिच्या लेखी न बोलणं हे माझ्यावरचे उपकार होते. माझी मूठ ती झाकून धरत होती. कुणी सांगितलं होतं तिला? माझ्या मुठीत चोरीचा माल होता का? मी तिला विचारलं, श्रेया, तुझा व्याडेश्वर तू झाकून ठेवतेस का? ती म्हणाली, तो वेगळा विषय. मी म्हटलं विषय तोच आहे, वेगळे आपण आहोत, असं तुला म्हणायचंय. तिच्या खिडकीतून तिकडचा पाऊस ऐकू येत होता. शेवटी अगदी हळू आवाजात तिने विचारलं की मसाला आणतेयस ना, सगळे विचारतायत.

मी इतकी मोठ्याने हसले की पापडवालीने वळून पाहिलं. मसाला हवाच होता त्यांना. मी नको होते, निदान सॉरी म्हणेपर्यंत, पण माझ्या आईने निवडलेली मिरची हवी होती. आणि मला एकदम लख्ख कळलं की मी कुणाच्या दारात जाणार नाही, ना मसाला घेऊन, ना माफी घेऊन. मसाला नासवणारही नाही. अन्नावर राग काढायची आमच्या घरात पद्धत नाही. “आणते,” मी म्हटलं. “आठही घरांचा आणते. पण देणार डोंगरावर. त्याच. जूनच्या पहिल्या रविवारी मी वर जाणार आहे. ज्याला हवा त्याने यावं.”

“शहाणी आहेस का तू? आणि कुणीच नाही आलं तर?”

“डोंगर हितेंद्रचा आहे का?” मी विचारलं आणि फोन ठेवला.

परत आले तर आईने एकटीने चाळून घेतला होता आणि पिशव्या बांधायला घेतल्या होत्या, वेगवेगळ्या, एकेका घराची. किती जणांचा बांधू, तिने विचारलं. मी म्हटलं सगळ्यांचा, मायाच्या पिशवीत धणे जास्त. आईने धण्याची पूड वेगळी घेतली आणि मायाच्या पिशवीत चमच्याने मापून घातली. मी गल्लीतल्या बाकड्यावर बसले, बोटं लाल झालेली ती रुमालाला पुसली आणि नवा ग्रुप केला. त्यात सगळ्यांना घेतलं. वैभवला घेतलं, मायाला घेतलं, श्रेयाला घेतलं, घशात ‘भलं’ अडकलेल्या त्या नव्या मुलाला घेतलं, आणि हितेंद्रला सगळ्यांत आधी घेतलं, कोटाची आठवण ठेवून. मग लिहिलं: मसाला तयार आहे. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी मी गाडीतळापासून चढायला सुरुवात करीन. वर गेल्यावर ओळख होईल. प्रत्येकाने नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि कुलदैवताऐवजी घरात पाणी कोण भरतं ते सांगायचं. मी माझं सगळं सांगेन. शिट्टी आणू नये.

पाठवलं आणि बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग एक राखाडी ओळ उमटली, हितेंद्र ग्रुप सोडून गेला. तिच्याखाली मायाची. मग थोडा वेळ थांबून वैभवची. प्रत्येक ओळीला छातीत काहीतरी खचकन लागत होतं, लागत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण आपण काढले जाणं आणि आपल्या दारातून कुणी उठून जाणं यात फरक आहे, आणि तो मला तिथे बाकड्यावर बसल्या बसल्या अंगात उतरताना जाणवत होता. खाली श्रेया काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. आईने हाक मारली, पिशव्या जड होत्या. मी फोन बंद केला आणि उठले. कोण उरलं ते वर गेल्यावर कळेलच.